खांदेरीची बत्ती

१६७९ च्या नोव्हेंबरात जालन्याच्या पेठेवर मराठ्यांची घोडदळं येऊन कोसळली. चार दिवस पेठ लुटली जात होती. तेव्हाचं जालनापूर म्हणजे मुघलांच्या दख्खनी मुलखातली नावाजलेली बाजारपेठ. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण गावाला उगाच चिकटलेली नाही. गावातले पैसेवाले आपलं सोनंनाणं घेऊन सय्यद जान महंमद या फकिराच्या आश्रयाला गेले, कारण साधू-फकिरांच्या जागेला शिवाजी महाराज हात लावत नाहीत असा लौकिक होता. या वेळी मात्र शिपाई आत शिरले. फकिरानं शाप दिला आणि पाच महिन्यांत महाराज गेले, अशी कथा मुघलांकडच्या तवारिखांनी पुढे लिहून ठेवली.

परतीची वाट सोपी नव्हती. लुटीनं जड झालेल्या फौजेला संगमनेरजवळ रणमस्तखानानं गाठलं. सिधोजी निंबाळकर लढता लढता पडले, लुटीतला बराच माल वाटेत सोडावा लागला आणि हेर बहिर्जीनं आडवाटांनी नेलं म्हणून महाराज पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोचले. तिथे विसावा मिळाला, म्हणून तो विश्रामगड.

इथपर्यंतची गोष्ट मराठवाड्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण याच आठवड्यांत, साडेतीनशेएक किलोमीटर पश्चिमेला, समुद्रातल्या एका खडकावर महाराजांची दुसरी माणसं दगड रचत बसली होती आणि इंग्रजांचं आरमार त्यांच्याभोवती घिरट्या घालत होतं. त्या खडकाचं नाव खांदेरी. जालन्याची लूट आणि खांदेरीचा तट ही एकाच हंगामातली कामं, आणि दोन्ही महाराजांच्या हयातीतल्या शेवटच्या मोहिमांपैकी. आज खांदेरीवर १८६७ सालचं दीपगृह उभं आहे. जालन्याहून समुद्राची वाट धरली तर बघावी अशी बत्ती हीच.

‘बत्ती’ हा शब्द मुद्दाम. समुद्रापासून लांब राहणाऱ्या मराठी माणसाला दीपस्तंभ भेटतो तो भाषणात: शिकवणीच्या वर्गाच्या पाटीवर, निरोप समारंभात, गेलेल्या गुरुजींवरच्या लेखाच्या मथळ्यात. किनाऱ्यावर हा शब्द फारसा कोणी उच्चारत नाही. सरकारी कागदात ‘दीपगृह’ असतं, होडीवाल्याच्या तोंडी ‘बत्ती’ नाहीतर सरळ ‘लाईटहाऊस’. भाषणातला दीपस्तंभ वाट दाखवतो; समुद्रातला इतकंच सांगतो, की इथे खडक आहे, लांबून जा.

खांदेरी अलिबागच्या उत्तरेला, थळच्या किनाऱ्यासमोर आहे. मुंबई तिथून उत्तरेला वीसेक किलोमीटर. शेजारीच, किनाऱ्याच्या बाजूला, उंदेरी. इंग्रजांना ही नावं काही जमली नाहीत. त्यांच्या नकाशांवर ही जोडगोळी ‘हेन्री-केन्री’ म्हणून वावरते, जणू लंडनातले दोन भाऊ. खांदेरीला दोन टेकड्या, उत्तरेची आणि दक्षिणेची, आणि मधे सखल पट्टा. बेट तसं चिमुकलंच. त्याची सगळी किंमत ते कुठे आहे यात आहे. दक्षिणेकडून मुंबई बंदरात शिरणारं जहाज या बेटाच्या नजरेतून सुटत नाही. इंग्रजांना ही गोष्ट महाराजांइतकीच चांगली कळत होती, म्हणून तर भांडण झालं.

महाराजांनी या बेटावर किल्ला बांधण्याचा विचार १६७२ मध्येच केला होता, पण तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले. १६७९ च्या ऑगस्टअखेरीस पुन्हा माणसं उतरली. पाऊस संपायच्या आत, समुद्र खवळलेला असताना, मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर आला आणि त्यानं कामाला हात घातला. मुंबईकर इंग्रजांचा निरोप आला: हे बेट मुंबईच्या हद्दीतलं, चालते व्हा. मायनाकाचं उत्तर शिपाईगड्याला शोभणारं होतं. धन्याचा हुकूम आल्याशिवाय आपण हलणार नाही.

मग इंग्रजांनी बेटाला वेढा घालायचं ठरवलं. कागदावर हे सोपं दिसत होतं. बेटावर रसद येणार ती होडीनंच, तेव्हा होड्या अडवल्या की काम संपलं. पण इंग्रजांची जहाजं खोल बुडणारी आणि वाऱ्यावर चालणारी, तर कोळी-भंडाऱ्यांच्या होड्या हलक्या, उथळ पाण्यातून वल्हवत जाणाऱ्या. रात्री वारा पडला की मोठी जहाजं जागच्या जागी डोलत राहायची आणि त्यांच्या डोळ्यांदेखत होड्या दगड, चुना, धान्य, दारूगोळा घेऊन बेटाला लागायच्या. इंग्रजांच्या पत्रव्यवहारात या हतबलतेचं रडगाणं पानोपानी आहे. १९ सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प यानं थेट बेटावर उतरण्याचं धाडस केलं आणि तो तिथेच मारला गेला.

१८ ऑक्टोबरला पहाटे मराठी आरमाराचा सरदार दौलतखान साठेक गलबतं घेऊन नागावच्या खाडीतून बाहेर पडला. समोर इंग्रजांची आठ जहाजं. नांगर उचलायलाही पुरेसा वेळ मिळाला नाही. ‘डव्ह’ नावाचं गुराब मराठ्यांच्या हाती लागलं आणि त्यावरचे गोरे कैदी सागरगडावर गेले. बाकीच्यांनी पळ काढला. ‘रिव्हेंज’ हे सोळा तोफांचं जहाज मात्र कॅप्टन मिंचिन आणि रिचर्ड केग्विन यांनी एकट्यानं झुंजवलं. त्याच्या तोफांनी मराठी गलबतांना मागे सरावं लागलं. म्हणजे त्या दिवशी लढाई कोणी जिंकली यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येतो. बेटावरचं बांधकाम कोणामुळे थांबलं, याला मात्र उत्तर एकच: कोणामुळेच नाही.

पुढे सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला आणि इंग्रजांची डोकेदुखी दुप्पट झाली. खांदेरी मराठ्यांकडे गेली तर वाईट, पण सिद्द्याच्या हाती पडली तर त्याहून वाईट, अशा पेचात मुंबईची मंडळी अडकली. शिवाय सुरतेच्या वरिष्ठांना युद्धाचा खर्च नको होता. ते व्यापारी होते आणि हिशेबाची वही त्यांना निशाणापेक्षा जवळची होती. १६८० च्या जानेवारीत सिद्द्यानं शेजारच्या उंदेरीवर ठाण मांडलं आणि इंग्रजांनी काढता पाय घेतला. मार्चमध्ये तह झाला. ३ एप्रिलला महाराज गेले.

त्यानंतर खांदेरी मराठ्यांची आणि उंदेरी सिद्द्याची. दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत राहिली. मधलं पाणी इतकं अरुंद, की इकडे तोफ सुटली की तिकडच्या भिंतीवर तिचा आवाज आदळावा.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात हे बेट मुंबईच्या उरावरचं कायमचं ओझं झालं. १७१८ मध्ये गव्हर्नर चार्ल्स बून यानं खांदेरी घेण्यासाठी आरमार पाठवलं. तोफांचा भडिमार झाला, माणसं उतरवायचा प्रयत्न झाला, आणि आरमार हात हलवत परतलं. अपयशाला कोणीतरी धनी लागतो. मुंबईतला धनाढ्य शेणवी व्यापारी रामा कामती, ज्यानं काही वर्षांपूर्वी वाळकेश्वराचं देऊळ बांधून काढलं होतं, त्याच्यावर आंग्र्यांशी संगनमत केल्याचा खटला उभा राहिला. त्याची मालमत्ता गेली, तो कैदेत मेला. ज्या पत्रांवर खटला चालला ती बनावट होती, हे पुढे उघड झालं. खांदेरीच्या इतिहासात तोफेनं मेलेले पुष्कळ आहेत. कागदानं मेलेला हा एकच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खांदेरी इंग्रजांकडे आली. एकशे एकोणचाळीस वर्षं ज्या बेटासाठी जीव टाकला ते हाती आलं तेव्हा लढायला समोर कोणी उरलं नव्हतं. जवळजवळ अर्धं शतक बेट नुसतं पडून होतं. मग तिथे बत्ती लावायची निकड कुठून आली? उत्तर जालन्याच्या काळ्या मातीत सापडतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाड-खानदेश-मराठवाड्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलगाड्यांतून आणि नव्या रेल्वेतून गासड्या मुंबईला येऊ लागल्या. जालन्याला रेल्वे यायला १९०० साल उजाडावं लागलं, पण त्याआधीही इथला माल घाट उतरून समुद्राकडेच जात होता. १८६५ मध्ये युद्ध थांबलं, मुंबईचा शेअर बाजार कोसळला, कोट्यधीश रातोरात कफल्लक झाले. बंदराची वाढ मात्र थांबली नाही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि विलायत एकदम जवळ आली.

जहाजं वाढली, पण मुंबईच्या तोंडाशी उजेड तोकडाच होता. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कुलाब्याचं जुनं दीपगृह हा भार वाहत होतं. जहाज पश्चिमेकडून अरबी समुद्र ओलांडून येतं. पावसाळ्यात ढगांमुळे ना सूर्य दिसतो ना तारे, मग आपण नेमके कुठे आहोत याचा कप्तानाचा अंदाज काही मैलांनी चुकायचा. मुंबईऐवजी तो जरा दक्षिणेला आला, की समोर अलिबागजवळचा चौल कडू नावाचा खडक आणि थळची उथळ किनारपट्टी. इथे रात्री काहीतरी दिसायला हवं होतं, आणि ते दाखवायला खांदेरीच्या दक्षिण टेकडीहून बरी जागा नव्हती. मायनाक भंडाऱ्याला जिथून मुंबईची जहाजं दिसत होती, तिथूनच आता मुंबईच्या जहाजांना बेट दिसायला हवं होतं.

१८६७ मध्ये बत्ती लागली. सपाट छपराची एक भक्कम इमारत आणि तिच्या माथ्यावर अष्टकोनी मनोरा, अशी तिची ठेवण आहे. मनोरा फार उंच बांधावा लागला नाही, कारण निम्मं काम टेकडीनंच केलेलं. पाठोपाठ मुंबईच्या तोंडाशी आणखी दिवे आले. कुलाब्याच्या दांडीवर, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या खडकात, थॉमस ऑर्मिस्टन यानं १८७५ मध्ये प्राँग्जचं दीपगृह उभं केलं. त्याला ६,२०,२५५ रुपये लागले. १८८४ मध्ये बंदराच्या आत संक रॉकची बत्ती आली. सतरा वर्षांत तीन दिवे.

तोवर दिव्याचं शास्त्रही पार बदललं होतं. १७९६ मध्ये मद्रासच्या किल्ल्यात पहिली बत्ती लागली ती खोबरेल तेलाच्या वातींची. खोबरेल स्वस्त, हाताशी असलेलं, पण वातीचा उजेड चहूकडे विखरून जायचा. वर आभाळात, खाली पाण्यात, मागे जमिनीवर. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआनच्या समुद्री दीपगृहात ऑग्युस्टाँ फ्रेनेल या अभियंत्यानं काचेची नवी भिंगं बसवली. एकच जाडजूड भिंग घेण्याऐवजी त्यानं मधे एक भिंग आणि त्याभोवती लोलकांची एकात एक वर्तुळं रचली. विखुरणारा प्रत्येक किरण वळवून क्षितिजाच्या दिशेनं पाठवायचा, एवढी साधी कल्पना. दिवा तोच, तेल तेवढंच, पण उजेड कितीतरी मैल पुढे जाऊ लागला. पुढे बर्मिंगहॅमजवळच्या चान्स ब्रदर्सनी अशी भिंगं बनवून जगभर पाठवली.

हे भिंग जवळून पाहिलं तर ते यंत्रापेक्षा काचेच्या कणसासारखं दिसतं. पितळी चौकटीत लोलकांच्या ओळींवर ओळी, आणि पोटात माणूस उभा राहील एवढी जागा. दिवसा त्यावर पडदे ओढून ठेवावे लागतात. आतला उजेड बाहेर नेणारं भिंग बाहेरचं ऊनही आत आणतं, आणि भर दुपारी उघडं राहिलं तर दिव्याच्या जागी जाळ करू शकतं. फिरत्या भिंगांच्या जुन्या दीपगृहांत भिंतीवरच्या घड्याळासारखं लंबवजनाचं यंत्र असे. वजन मनोऱ्यातून हळूहळू खाली उतरायचं आणि त्या ओढीनं भिंग फिरायचं. ठरावीक तासांनी माणसानं जाऊन ते पुन्हा गुंडाळायचं, रात्रभर. सकाळी काचांवर जमलेला खारा थर पुसायचा, पितळ घासायचं, रॉकेलचा हिशेब लिहायचा. या नोकरीत शौर्याचे प्रसंग कमी आणि फडक्यांचा खर्च जास्त.

भिंग फिरवण्यामागे कारण होतं. नुसता दिवा दिसून भागत नाही. तो कुठला ते कळावं लागतं. म्हणून प्रत्येक बत्तीला आपली लय ठरवून दिलेली असते: इतके लुकलुकाट, मग इतका अंधार. खलाशी सेकंद मोजतो, पुस्तकात पाहतो आणि समोर खांदेरी आहे की प्राँग्ज हे ओळखतो.

जगातल्या इतर एकाकी दीपगृहांशी तुलना केली तर खांदेरी फार लांबची म्हणता येणार नाही. लक्षद्वीपमधलं मिनिकॉय खरं दूरचं. १८८५ मध्ये बांधलेलं ते दीपगृह स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांनी आपल्याकडेच ठेवलं आणि तिथे तिरंगा चढायला २ एप्रिल १९५६ उजाडला. आपल्याच किनाऱ्यावर वेंगुर्ल्यासमोरची बेटं आहेत, स्थानिकांची निवती रॉक. तिथे बत्तीखालच्या गुहांत पाकोळ्या आपल्या लाळेची घरटी बांधतात आणि त्या घरट्यांच्या चोरीविरुद्ध चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला लढावं लागलं. खांदेरीवरून जमीन दिसते, झाडं दिसतात, थळची वस्ती दिसते. पण जून ते ऑगस्टमध्ये दिसून उपयोग काय? होडी सुटत नाही. किनारा डोळ्यांसमोर असून पोचता न येणं हा एकांताचा आणखी एक प्रकार.

आणि बेट अगदी निर्मनुष्य होतं तेव्हाही रिकामं नव्हतं. तिथे वेताळ आहे. शेंदूर-चुना फासलेली मोठी शिळा, तिच्यावर कोळ्यांची गाढ श्रद्धा; शिळा दर वर्षी थोडी वाढते असं ते मानतात. चैत्रात जत्रा भरते, नटवलेल्या होड्या लागतात, नवस फेडले जातात. जवळच एक खडक आहे, त्यावर दगड आपटला की धातूच्या भांड्यासारखा टणत्कार येतो. पाहुणे दीपगृहाकडे जाण्याआधी त्याच्याशी खेळतात, पोरं तर हटतच नाहीत. मुंबई बंदर प्राधिकरणाच्या ताब्यातलं हे बेट. पण राखणदार कोण, असं थळच्या कोळ्याला विचारलं तर तो प्राधिकरणाचं नाव घेणार नाही.

तटाच्या बुरुजांवर जुन्या तोफा अजून आहेत, काही तर लोखंडी गाड्यांसकट. खाऱ्या हवेत लोखंड पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत चाललं आहे. १९९८ मध्ये बेटाचं नाव कान्होजी आंग्रे बेट झालं. २०१९ मध्ये ‘खांदेरी’ नावाची नवी पाणबुडी नौदलात दाखल झाली. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात रायगड-राजगडाच्या पंगतीत खांदेरीही बसली. गंमत अशी, की किल्ल्याच्या बहुतेक छायाचित्रांत मधोमध येतो तो इंग्रजांचा मनोरा. इतिहासप्रेमींपैकी काहींना ते खटकतं. खटकायचं काही कारण नाही. त्या मनोऱ्यामुळे पगारी माणसं बेटावर राहिली, धक्का नीट राहिला, होड्यांची ये-जा राहिली. उंदेरीच्या नशिबी यातलं काही आलं नाही, आणि तिचे बुरुज झाडझाडोऱ्यात बुडाले.

आता उपग्रह जहाजाची जागा काही मीटरांच्या फरकानं सांगतात. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, त्याच्या नावात दीपगृह हा शब्दही उरलेला नाही. ‘सागरी दिशादर्शक साधनं’ असा व्यापक मामला आहे. तरी ७ ऑगस्ट २०१० रोजी, सगळी यंत्रं शाबूत असताना, प्राँग्जच्या बत्तीजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलीजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली, शेकडो कंटेनर समुद्रात तरंगले आणि तेलाचा तवंग किनाऱ्यांना लागला. एक जहाज जवाहरलाल नेहरू बंदरातून बाहेर पडत होतं, दुसरं आत येत होतं.

त्याच बंदराच्या कारभाऱ्यांनी जालन्याजवळ दरेगावला ‘ड्राय पोर्ट’ काढायचं घेतलं. २०१५ च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं. पाण्याचा टिपूस नसलेलं बंदर, म्हणून गावात त्यावर विनोदही झाले. जालन्याची सळई, बियाणं, कापूस इथेच कंटेनरात भरायचा, शिक्का मारायचा आणि थेट जहाजावर चढवायचा, असा बेत. १६७९ मध्ये जालन्याचा माल घोड्यांच्या पाठीवरून पश्चिमेला निघाला होता आणि त्यातला बराच संगमनेरपाशीच राहिला.

थळहून खांदेरीला जाणाऱ्याला आजही होडीवाल्याशी आधी वेळ ठरवावी लागते. ओहोटी लागायच्या आत परत यायचं, नाहीतर होडी थळच्या चिखलात रुतते आणि उरलेली वाट गुडघाभर पाण्यातून तुडवावी लागते. पाहुणे मनोऱ्याच्या पायथ्याशी फोटो काढत रेंगाळतात. खाली धक्क्याशी होडीवाला दोर सोडवून तयार असतो. त्याचं लक्ष बत्तीकडे नसतं, धक्क्याच्या पायरीवरून पाणी किती उतरलं तिकडे असतं.